खोटं झालेलं वाक्य

या सदरातला रामसर स्थळांचा विषय पुढच्या आठवड्यात घेऊ. नकाशा काढून ठेवला आहे, लोणारवर लिहायला हात शिवशिवतायत. पण मधेच नांदेडहून एका वाचक मुलीचं पत्र आलं आणि तिचा प्रश्न आधी घ्यावासा वाटला.

ती लिहिते, "सर, रोजच्या क्विझमध्ये मला दहापैकी नऊ पडतात. टेस्ट सिरीजच्या पूर्ण पेपरात मात्र करंट अफेअर्सच्या वीस प्रश्नांतले जेमतेम सात बरोबर येतात आणि उरलेल्यांतले बरेचसे निगेटिव्हमध्ये जातात. मासिक चार वेळा वाचून झालंय. पाचव्यांदा वाचू का?"

पाचव्यांदा वाचू नकोस, असं तिला लगेच कळवलं आणि गेल्या तीन आठवड्यांच्या क्विझचे कागद मागवून घेतले. पहिल्याच पानावर असा प्रश्न होता: मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने कोणत्या दिवशी घेतला? पर्याय चार, चारही तारखा ऑक्टोबर २०२४ मधल्या. तिनं ३ ऑक्टोबरवर गोल केला होता आणि शेजारी लाल पेनानं बरोबरची खूण.

हा प्रश्न बरोबर आला म्हणजे काय झालं? सकाळी वाचलेली तारीख संध्याकाळपर्यंत डोक्यात राहिली. यूपीएससीला, म्हणजे आयोगाला, त्याची परीक्षा घ्यायचीच नसते. याच विषयावर आयोगानं काय काय विचारलंय ते पाहा. २०१४ च्या पूर्व परीक्षेत गुजराती, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषा देऊन यांतल्या कोणत्या अभिजात, असं विचारलं. उत्तर कन्नड आणि तेलुगू. २०१५ साली विचारलं, अलीकडे कोणत्या भाषेला हा दर्जा मिळाला? पर्याय होते ओडिया, कोकणी, भोजपुरी, आसामी. उत्तर ओडिया. मग जून २०२४ च्या पेपरात आठवी अनुसूची आली: १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीनं कोणत्या भाषा आत आल्या? कोकणी, मणिपुरी, नेपाळी. आणि चुकवायला मैथिली ठेवलेली, जी २००३ च्या ९२ व्या दुरुस्तीनं बोडो, डोगरी आणि संथालीबरोबर आली.

या पेपरानंतर साडेतीन महिन्यांनी मंत्रिमंडळाचा निर्णय आला. मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषा एकदम अभिजात झाल्या. २०१५ च्या पेपरात ज्यांनी आसामीवर गोल केला त्यांचे गुण कापले गेले होते, आणि नऊ वर्षांनी तेच उत्तर अभिजात भाषांच्या यादीत जाऊन बसलं.

बातमी आपल्या माहितीत भर घालते, असं सगळेच धरून चालतात. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की, परीक्षेच्या कामाची बातमी आधी काहीतरी मोडते. कालपर्यंत खरं असलेलं एखादं वाक्य ती खोटं करते, आणि प्रश्न काढणाऱ्याचा डोळा नेमका त्या वाक्यावर असतो. कारण ते वाक्य हजारो वह्यांत लिहिलेलं असतं, पाठ केलेलं असतं आणि पुसायचं राहून गेलेलं असतं.

आता मराठीच्या बातमीकडे या नजरेनं बघू. आधी दर्जा मिळालेल्या भाषा: तमिळ २००४, संस्कृत २००५, तेलुगू आणि कन्नड २००८, मल्याळम २०१३, ओडिया २०१४. या सहाही भाषा आठव्या अनुसूचीतल्या. तेही १९५० साली राज्यघटना लागू झाली तेव्हाच्या मूळ १४ भाषांतल्या. त्यामुळे ‘प्रत्येक अभिजात भाषा आठव्या अनुसूचीत आहे’ हे वाक्य कुणी नोट्समध्ये लिहिलं असेल तर ते त्या वेळी चूक नव्हतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला ते चूक झालं. मराठी, आसामी आणि बंगाली तर त्या मूळ चौदांतल्याच, पण पाली आणि प्राकृत अनुसूचीत नाहीत. आज अनुसूचीत २२ भाषा आहेत, अभिजात ११ आहेत आणि दोन्हीकडे असणाऱ्या ९. तारखेपेक्षा हे तीन आकडे वहीत हवेत.

निकषांचंही तसंच. २००४ साली प्राचीनतेची अट हजार वर्षांहून अधिकची होती. २००५ मध्ये ती दीड ते दोन हजार वर्षांवर गेली. आणि साहित्यपरंपरा मूळची असावी, दुसऱ्या भाषकसमूहाकडून उसनी घेतलेली नसावी, ही अट वर्षानुवर्षं सगळ्यांनी पाठ केली. २०२४ मध्ये ती निकषांतून काढून टाकली. प्राचीन भाषांनी एकमेकींकडून घेतलेलंच असतं, मग मूळचं काय आणि उसनं काय हे सिद्ध करायचं कसं, असा तज्ज्ञ समितीपुढचा पेच होता. मराठीला हा दर्जा मिळावा म्हणून तयार झालेला रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ चा. तो लिहिताना ही अट निकषांत होती. अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवलं तर मराठीचं मूळपण दाखवायला समितीनं एवढा जोर का लावला ते कळतं.

एका रविवारी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत पाच मुलांबरोबर बसलो होतो. जुन्या टेस्ट पेपरची कोरी बाजू घेतली आणि पेन्सिलीनं तीन विधानं लिहिली. एक, सर्व अभिजात भाषा आठव्या अनुसूचीत आहेत. दोन, हा दर्जा देण्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो. तीन, हा दर्जा सर्वांत आधी संस्कृतला मिळाला. वरीलपैकी किती विधानं बरोबर? केवळ एक, केवळ दोन, तिन्ही, एकही नाही.

दोघांनी ‘केवळ एक’ म्हटलं. एकीनं ‘केवळ दोन’. चौथा पेन्सिल चावत बसला आणि शेवटी म्हणाला, "तिन्ही चूक वाटतायत सर, पण तिन्ही चूक कसं देतील?" पाचव्यानं त्याच शंकेपोटी प्रश्न सोडून दिला. म्हणजे माहिती दोघांकडे होती. आयोग असं करणार नाही, या समजुतीनं त्यांचा हात अडला.

आयोग करतो. २०२३ चा पेपर काढून बघा. संघर्षाचे प्रदेश आणि त्यांचे देश यांच्या जोड्या: डोनबास सीरियात, काचिन इथिओपियात, टिग्रे उत्तर येमेनमध्ये. किती जोड्या बरोबर? एकही नाही. डोनबास युक्रेनमध्ये, काचिन म्यानमारमध्ये, टिग्रे इथिओपियात. त्या वर्षी ‘किती बरोबर’ या पद्धतीचे प्रश्न भरमसाट आले आणि एका विधानाची खात्री करून घेऊन बाकीचे पर्याय छाटायची सवय लागलेल्या मुलांची फार कोंडी झाली. या पद्धतीत छाटायला काही मिळत नाही. प्रत्येक विधानावर स्वतंत्र निकाल द्यावा लागतो. एक डगमगलं की दोन गुण गेले आणि वर ०.६६ कापले.

माझ्या तीन विधानांतलं प्रत्येक कुठून आलं तेही त्या मुलांना सांगितलं. पहिलं जुन्या खऱ्या वाक्यावरून. दुसरं आठव्या अनुसूचीच्या नियमावरून: तिथे भाषा घालायची तर घटनादुरुस्ती लागते आणि ती संसदेतूनच होते, अभिजात दर्जा मंत्रिमंडळाच्या निर्णयानं मिळतो. दोन्ही ‘भाषेचा दर्जा’ या एकाच कप्प्यात पडलेले, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला चिकटतो. तिसरं आपल्या मनातल्या समजुतीवरून, की सगळ्यांत जुनी ती संस्कृत, म्हणजे पहिला मानही तिचाच. चांगलं चुकीचं विधान असं कुठल्या तरी खऱ्या गोष्टीच्या कडेला टेकलेलं असतं. हवेतून काढलेलं चुकीचं विधान कुणालाच चुकवत नाही आणि काही शिकवतही नाही.

आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यात एका मुलीचं नुकसान झालेलं मी जवळून पाहिलं. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले. २९ राज्यं आणि ७ केंद्रशासित प्रदेश होते त्यांची २८ आणि ९ झाली. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले आणि ९ चे ८ झाले. ‘नऊ केंद्रशासित प्रदेश’ हे वाक्य अवघे ८७ दिवस खरं होतं. पण त्या ८७ दिवसांत कुणीतरी नोट्स काढल्या, त्यांच्या झेरॉक्स निघाल्या आणि पुढे दोन वर्षं त्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिल्या. त्या मुलीनं सीनियरकडून घेतलेल्या गठ्ठ्यात ठळक अक्षरात ९ होते आणि त्याखाली तिनं स्वतः हिरव्या हायलायटरनं रेघ मारली होती. एका सराव पेपरात तेवढ्यानं ती कट-ऑफच्या खाली राहिली. त्या दिवसापासून नोट्सच्या प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात तारीख घालायला मी मुलांना सांगतो आणि त्या बाबतीत कुणालाही सूट देत नाही.

जानेवारी २०२० च्या त्याच आठवड्यात आणखी एक वाक्य मोडलं. १०४ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेतल्या दोन अँग्लो-इंडियन सदस्यांच्या नियुक्तीची तरतूद २५ जानेवारी २०२० नंतर पुढे चालू ठेवली नाही. लोकसभेची कमाल सदस्यसंख्या ५५२ हा आकडा पिढ्यान् पिढ्या घोकलेला. तो आता ५५० म्हणायचा. राष्ट्रीय मागास वर्ग आयोग वैधानिक की घटनात्मक, हेही २०१८ च्या १०२ व्या दुरुस्तीनं बदललं. कलम ३३८ब आलं. जुनं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी त्याला हे ठाऊक नसतं.

तर नांदेडच्या मुलीला मी सांगितलं ते असं. मासिक बाजूला ठेव आणि एक दोनशेपानी वही घे. पानावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे ‘कालपर्यंत’, उजवीकडे ‘आजपासून’. बातमी वाचल्यावर आधी डावी बाजू भरायची. तिथे काही सुचलं नाही तर बातमी सोडून पुढे जायचं. पुरस्कार, नेमणुका, शिखर परिषदांची ठिकाणं यांत बहुतेक वेळा डावी बाजू कोरीच राहते; यूपीएससीसाठी त्यांवरून नजर फिरवली तरी पुरे, एमपीएससीला मात्र थेट प्रश्न येतात, तेव्हा तिकडच्या मुलांनी त्यांची वेगळी यादी ठेवावी. दोन्ही बाजू भरल्या की खाली तीन विधानं स्वतः लिहायची आणि त्यांतलं निदान एक डाव्या बाजूवरून उचलायचं. दिवसाला एकच बातमी. सुरुवातीला पाऊण तास जातो, आणि तो वेळ गेलाच पाहिजे. डावी बाजू भरताना राज्यघटनेचं किंवा भूगोलाचं पुस्तक उघडावं लागतं, तिथेच करंट आणि स्टॅटिकची गाठ पडते.

बारा दिवसांनी तिचं दुसरं पत्र आलं, वहीच्या पानाच्या फोटोसह. अक्षर बारीक, डावी बाजू दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली. तिचं विधान असं होतं: ‘कोणतीही अभिजात भाषा यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत साहित्याचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येते.’ आयोगाच्या यादीत साहित्याचे विषय म्हणजे आठव्या अनुसूचीतल्या भाषा आणि इंग्रजी, तेव्हा पाली आणि प्राकृत बाहेर. समासात तिनं पुढे लिहिलं होतं की पाली साहित्य पूर्वी या यादीत होतं, २०१३ साली काढलं. म्हणजे दर्जा मिळाला तेव्हा विषय जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे विधान माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नंतरच्या रविवारी अभ्यासिकेतल्या त्याच टेबलावर त्या पाच मुलांपुढे ते ठेवलं आणि पाचांपैकी चौघं चुकले.