जुना ग्रामोफोन जाम झालाय? तेल सोडण्याआधी धातू पाहा

माळ्यावरून काढलेल्या ग्रामोफोनची चावी फिरते, पण तबकडी हलत नाही. मग कुणी ती हाताने ढकलतं, कुणी गंज सोडवणारा स्प्रे मारतं. दोन्ही घाईचं. बेअरिंग जाम होण्याची मुख्य कारणं दोन. एकावर इलाज आहे, दुसऱ्यावर जवळपास नाही.

वाळलेलं तेल

मिनिटाला ७८ फेरे हा वेग गव्हर्नर सांभाळतो. वेग वाढला की दांड्यावरची वजनं बाहेर फाकतात, त्यांच्यासोबत चकती सरकते आणि चामड्याच्या पॅडला घासून वेग आवरते. हा दांडा तबकडीच्या कितीतरी पट वेगाने फिरतो. त्याची दोन्ही टोकं छोट्या बेअरिंगमध्ये असतात. तिथलं तेल काही दशकांत लाखेसारखं घट्ट होतं आणि बाकी मोटर ठणठणीत असूनही यंत्र अडतं.

हे रॉकेलने सुटतं. भाग धुऊन पुसायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा, पॅडलाही. काही मोटरमध्ये ही बेअरिंग मुद्दाम मध्यबिंदू सरकवून बनवलेली असतात, ती फिरवली की गिअरची पकड बदलते. म्हणून स्क्रू सैल करण्याआधी जागेची खूण करावी.

पण त्याआधी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरलाच पाहिजे. भरलेल्या स्प्रिंगवर गव्हर्नर काढला, तर सगळी ताकद एका झटक्यात सुटते. गिअरचे दात झडतात, बोटंही सापडू शकतात. जाम यंत्राचा ताण उतरवणं जाणत्या कारागिरावर सोडलेलं बरं.

फुगलेला धातू

हा खरा आजार. त्या काळी अनेक भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतले जात. त्यात शिशाचा अंश राहिला, तर दमट हवेत धातू आतून कणाकणाने गंजतो, फुगतो आणि तडकतो. व्हिक्टर कंपनीच्या १९२५ च्या ऑर्थोफोनिक यंत्रांच्या साउंडबॉक्समध्ये सुईची दांडी बारीक छऱ्यांवर डोलते. भोवतीचा धातू फुगला की छरे आवळले जातात आणि आवाज चिरका होतो.

राखाडी ओतीव भागावर बारीक भेगा किंवा वाकलेली कड दिसली, तर हात आवरा. तेलाने तो सुटत नाही, ठोकला तर तुकडे होतात. मग नवा भाग शोधणं किंवा बनवून घेणं, एवढंच उरतं.

सफाईला स्पिरिट वापरणार असाल, तर बालगंधर्वांच्या जुन्या रेकॉर्ड लांब ठेवा. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.