साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साधारण ९०० किलोमीटर. शाळकरी पोरही भागाकार करून सांगेल, चौदा तास! पण ज्यांची मुलगी तिकडे नांदते, त्या घरात हे उत्तर कुणाला पटायचे नाही.

मुळात रस्ताच आपल्याला वाटतो तसा नाही. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलंड असा उत्तरेला चढतो आणि ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली उतरतो. सर्वांत जवळची वाट हीच.

१९६० साली एअर इंडियाचे बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. थेट विमान सुरू झाले ते २००७ च्या ऑगस्टमध्ये. गंमत अशी, की लंडनला थांबले तरी अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढते. प्रवासी विमानांचा वेगही तेव्हापासून वाढलेला नाही. वाचला तो थांबण्याचा वेळ.

त्यात वारा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून जायला सोळा तास लागले, तर परतायला चौदा-साडेचौदा पुरतात. शिवाय देशोदेशींची भांडणे आहेतच. २०२२ मध्ये रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. आकाश बंद झाले की वळसा आला आणि वळसा आला की वेळ वाढला.

हा हिशेब आमच्या घराला २०१३ च्या डिसेंबरात करावा लागला. साताऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी आई गेली. ताई न्यू जर्सीत. थोरल्या काकांनी एवढेच विचारले, "किती तास?" थांबायचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरणार होते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे. तिकडे सकाळ होती, म्हणून दुपारचे विमान मिळाले. विमानात साडेचौदा तास; पण घर ते विमानतळ, तिथली तपासणी, मुंबईतला खोळंबा, पुढे घाट उतरून सातारा, हे कुठल्याच वेळापत्रकात नसते. फोन केल्यापासून अठ्ठावीस तासांनी, शनिवारी मध्यरात्री, ताई दारात उभी राहिली. रविवारी सकाळी आम्ही माहुलीला गेलो. काका थांबले, याचे समाधान ताईला आजही आहे.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी हा दारापासून दारापर्यंतचा हिशेब एकदा शांतपणे मांडून ठेवावा. पासपोर्टची मुदत, व्हिसा, रात्री-बेरात्री येणारी गाडी, सगळे धरून. किलोमीटर कुणालाच कमी करता येत नाहीत. तास मात्र थोडेफार आपल्या हातात असतात.