कापसाचा पैसा, चित्रकाराची नजर

जपानमधल्या ओकायामाहून लोकलने कुराशिकीला उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत जुनी व्यापारपेठ लागते. मधून एक अरुंद कालवा, काठाला झुकलेले विलो, दोन्ही बाजूंना चुन्याच्या पांढऱ्या भिंतींची गोदामं. काही भिंतींवर काळ्या फरश्या आणि त्यांच्या सांध्यांवर चुन्याचे जाड, फुगीर पट्टे. 1642 पासून हे गाव थेट शोगुनच्या अंमलाखाली होतं, त्यामुळे पंचक्रोशीतला तांदूळ आणि कापूस होड्यांनी इथे येई. या सगळ्या लाकूड-चुन्याच्या वस्तीत अचानक ग्रीक देवळाचे खांब दिसतात. खरं सांगायचं तर ही इमारत तिथे विजोडच आहे. हेच ओहारा कलासंग्रहालय.

ओहारा मागोसाबुरो (1880–1943) सूतगिरणीचा मालक. तरुणपणी तोक्योत शिकायला गेला, उधळपट्टी करून कर्जबाजारी झाला आणि वडिलांनी त्याला घरी बोलावून घेतलं. पुढे अनाथाश्रम चालवणाऱ्या इशिई जूजी यांच्या सहवासात तो पार बदलला. गिरणी कामगारांची वसतिगृहं त्याने सुधारली, श्रमविज्ञानाची संस्था काढली, 1923 मध्ये रुग्णालय उभारलं. त्या काळात जपानी गिरण्यांना मुंबईचा कापूस लागे. तो न्यायला 1893 मध्ये जमशेदजी टाटांच्या साथीने मुंबई–जपान बोट सुरू झाली होती.

चित्रांमधलं मात्र मागोसाबुरोला फारसं कळत नसावं. त्यासाठी त्याने एका माणसावर भरवसा टाकला: कोजिमा तोराजिरो, त्याच्याहून एका वर्षाने लहान चित्रकार. ओहाराच्या पैशावर कोजिमा बेल्जियममधल्या घेंट इथे शिकला. पुढे पुन्हा युरोपात गेला तेव्हा त्याने चित्रं विकत घेण्याची मागणी लावून धरली. जपानातल्या ज्या चित्रकारांना तिकडे जाणं जमणार नाही, त्यांना अस्सल चित्रं इथेच पाहता यावीत. परवानगी मिळाली. जिव्हेर्नीला खुद्द मोनेच्या घरी जाऊन त्याने ‘कमळं’ मिळवलं. पॅरिसमध्ये एल ग्रेकोचं ‘देवदूताची वार्ता’ दिसलं, पण किंमत आवाक्याबाहेरची. त्याने चित्राचा फोटो पाठवून पैसे मागितले, आणि मागोसाबुरोने होकार कळवला. 1922 मध्ये ते विकत घेतलं गेलं.

त्याआधीच, 1921 मध्ये, आणलेली चित्रं गावातल्या प्राथमिक शाळेत मांडली होती, आणि लांबलांबून माणसं बघायला आली होती. पण संग्रहालय झालेलं पाहणं कोजिमाच्या नशिबी नव्हतं. 1929 मध्ये, पन्नाशीही न गाठता तो वारला. पुढच्याच वर्षी, ऐन मंदीत, मागोसाबुरोने मित्राच्या आठवणीसाठी ही इमारत उघडली. पाश्चात्त्य कलेचं जपानातलं हे पहिलं खासगी संग्रहालय.

दालनं फिरताना एक गोष्ट जाणवते: सगळं एकाच नजरेनं निवडलंय. सेगांतिनीची दुपार, गोगँची ताहिती, मातिसने काढलेली आपल्या मुलीची छबी. यांत प्रतिष्ठेसाठी घेतलेलं क्वचितच काही वाटतं. समितीने खरेदी केली असती तर ही एकसंधता आली नसती.

तरी माझं मन रमलं ते मागच्या बाजूच्या जुन्या गोदामांमध्ये. मागोसाबुरोच्या मुलाने, सोइचिरोने, तिथे हमादा शोजी आणि कावाई कांजिरोची भांडी, मुनाकाता शिकोची लाकडी ठशांची छापचित्रं मांडली. मातीच्या त्या भांड्यांना जाड तुळया आणि अंधुक उजेड शोभतो. ग्रीक खांबांना ते साधलेलं नाही.

कोजिमाची स्वतःची चित्रं बघायची असतील तर दोन पावलं पुढे जावं लागतं. खांबांची इमारत बांधणाऱ्या याकुशिजी काझुए यानेच 1922 मध्ये उभारलेली एक बँक होती. ती आता कोजिमाचं स्मारक झाली आहे.