जुन्या जेटला जामीन कोण?

एव्हरो व्हल्कन हे अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी बांधलेलं ब्रिटिश विमान. प्रचंड त्रिकोणी पंख, चार इंजिनं आणि त्यांना जोर दिला की उठणारी ती लांबलचक किंकाळी. ती ऐकायला एअर शोला झुंबड उडायची. त्यातलं एक्सएच ५५८ हे विमान हवाई दलाने १९९३मध्ये विकलं. पुढे लॉटरीच्या वारसा निधीने २७ लाख पौंड दिले, बाकी भार सामान्यांच्या देणग्यांनी उचलला आणि १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते पुन्हा आकाशात गेलं.

पैसा उभा राहतो. खरी पंचाईत पुढे असते. दुसऱ्या महायुद्धातल्या पंख्याच्या स्पिटफायर विमानाचं इंजिन खोलून, भाग नव्याने घडवून चालतं करणारे कारागीर आजही आहेत. जेटचं तसं नाही. त्याचे फिरते भाग दर उड्डाणाला तापतात, ताणले जातात, निवतात. असे किती फेरे सोसायचे, हे ठरलेलं असतं. व्हल्कनची ऑलिंपस इंजिनं बनणं केव्हाच बंद झालेलं. साठ्यात उरली तेवढीच पुंजी. त्यात मे २०१२मध्ये डॉनकॅस्टरला उड्डाणाच्या वेळी हवेच्या वाटेत राहून गेलेली सिलिका जेलची पिशवी एका इंजिनाने गिळली. त्याचे तुकडे शेजारच्या इंजिनात गेले. दोन्ही बाद! ओल शोषणारी क्षुल्लक वस्तू, नव्या बुटांच्या खोक्यात सापडते तसली.

त्यातूनही विमान सावरलं. शेवटी ते जमिनीवर आलं सह्यांअभावी. इतक्या गुंतागुंतीच्या विमानाला उड्डाण परवान्यासाठी जाणत्या कंपन्यांचा तांत्रिक पाठिंबा लागतो. मार्शल, बीएई आणि रोल्स-रॉइस या तिघींनी २०१५च्या हंगामानंतर तो देणं थांबवायचं ठरवलं. २८ ऑक्टोबरला शेवटचं उड्डाण झालं.

चाहते हळहळले. मला मात्र कंपन्यांचं पटतं. अशा विमानाची हमी घेणं किती जोखमीचं, हे त्याच वर्षी दिसलं. २२ ऑगस्टला शोरहॅमच्या शोमध्ये हॉकर हंटर रस्त्यावर कोसळलं. हंटर म्हणजे लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे फोडणारं, ‘बॉर्डर’ सिनेमामुळे आपल्याला ठाऊक असलेलं विमान. उभ्या गिरकीच्या माथ्यावर पुरेशी उंची मिळाली नव्हती. वैमानिक वाचला, जमिनीवरचे ११ जण गेले. त्यातले काही तर शो बघायलाही आले नव्हते, नुसते रस्त्याने चालले होते. त्यानंतर ब्रिटनने जमिनीच्या वर होणाऱ्या जुन्या जेटच्या कसरतींवर निर्बंध आणले.

ते योग्यच झालं. कसरती बघायच्याच असतील तर विमान समुद्रावर असावं आणि प्रेक्षक किनाऱ्यावर.