विमानातली वीज भडकते तेव्हा

बारामती, गोंदिया या भागातल्या बायांना डोक्यावरून जाणाऱ्या लहान विमानांची घरघर नवी नाही. वैमानिक घडवणाऱ्या शाळा तिथं आहेत आणि मुलीही तिथं शिकतात. या विमानातली वीज अचानक वाढली तर काय होतं, ते आज बघू. विषय लांबचा वाटेल, पण ज्या यंत्राबद्दल बोलणार आहोत ते तुमच्या दारच्या ट्रॅक्टरलाही आहे.

वीज वाढली की काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. डीपीजवळचा न्यूट्रल तुटतो, घरातला बल्ब एकदम लख्ख पेटतो, आणि कुणी धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत टीव्ही नाहीतर फ्रिज गेलेला असतो. विमानात धावत जायला जागा नाही. तिथं जळणार तो रेडिओ आणि रस्ता दाखवणारी उपकरणं. रात्रीची वेळ असेल, ढग असतील, तर तेच वैमानिकाचे डोळे आणि कान.

विमानात वीज येते अल्टरनेटरमधून. इंजिन फिरतं, त्याबरोबर अल्टरनेटर फिरतो. त्याच्या आत फिरणारं एक वेटोळं असतं. त्यात थोडा प्रवाह सोडला की त्याचं चुंबक होतं, आणि त्या चुंबकामुळे बाहेरच्या वेटोळ्यांत भरपूर वीज तयार होते. आतला प्रवाह दोन-चार अँपियरचा, बाहेर पडणारी वीज मात्र ६० अँपियरपर्यंत. आतला प्रवाह वाढवला की वीज वाढते, कमी केला की उतरते. हे कमी-जास्त करायचं काम रेग्युलेटरचं. आपल्याकडचे काही मिस्त्री त्याला अजून कटआउट म्हणतात.

शिकवणीसाठी जगभर वापरलं जाणारं सेसना १७२ घ्या. त्याच्या नव्या विमानांत बॅटरी २४ व्होल्टची असते आणि अल्टरनेटर साधारण २८ व्होल्टवर चालतो. आता रेग्युलेटर आतून जळून चिकटला तर? आतल्या वेटोळ्याला अडवणारं कुणी उरत नाही आणि व्होल्टेज चढत जातं. कधी रेग्युलेटर चांगला असतो, पण व्होल्टेज किती आहे हे त्याला सांगणाऱ्या तारेचं टोक गंजलेलं असतं. त्याला वाटतं वीज कमी पडते आहे, म्हणून तो आणखी सोडतो. बॅटरी काही वेळ जास्तीची वीज पिऊन घेते, पण मग ती तापते आणि आतलं पाणी उकळायला लागतं.

यावर उपाय म्हणजे एक राखणदार. व्होल्टेज ३२ च्या आसपास गेलं की तो आतल्या वेटोळ्याचा प्रवाह तोडतो. बाहेरची जाड तार का तोडत नाही? जोरात वाहणाऱ्या पाटाला मध्येच आडवी फळी घातली तर पाणी उसळतं, तसंच तिथंही उसळी येते आणि तीच नुकसान करते. पाट अडवण्यापेक्षा विहिरीवरची मोटर बंद केलेली बरी.

हौसेनं स्वतः विमान बांधणारे लोक दुसरीही युक्ती वापरतात. तिला इंग्रजीत पहारच म्हणतात. व्होल्टेज चढलं की हा तुकडा आतल्या वेटोळ्याच्या वायरीत मुद्दाम शॉर्ट करतो, तारांवर पहार आडवी टाकल्यासारखा. त्याच वायरीवरचा लहान ब्रेकर लगेच पडतो आणि अल्टरनेटर गप्प होतो. ऐकायला आडदांड वाटतं, पण साधं आहे. राखणदार रेग्युलेटरपासून वेगळा असलेला आम्हाला बरा वाटतो, कारण एकाच डबीत दोघं असले तर दोघं एकदम बिघडू शकतात.

एक गंमत सांगतो. व्होल्टेज वाढलं म्हणून राखणदारानं अल्टरनेटर बंद केला, तरी समोर दिवा लागतो तो व्होल्टेज कमी असल्याचा! कारण आता सगळं बॅटरीवर चाललेलं असतं. शिकणाऱ्या मुलीला हे आधीच ठाऊक असावं लागतं.

अशा वेळी इंजिन बंद पडत नाही. त्याची ठिणगी मॅग्नेटोतून येते, त्याला ना बॅटरी लागते ना अल्टरनेटर. सेसनाचा मास्टर स्विच दोन भागांचा असतो, एक भाग बॅटरीचा, दुसरा अल्टरनेटरचा. वैमानिक आधी नाजूक उपकरणं बंद करते, मग मास्टरचे दोन्ही भाग बंद करून पुन्हा चालू करते. एखादा क्षणिक झटका असेल तर दिवा विझतो. पुन्हा लागला, तर अल्टरनेटर बंदच ठेवायचा. पडलेला ब्रेकर परत परत दाबणं म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यासारखंच.

मग काटकसर. नको ते दिवे बंद, एकच रेडिओ चालू. पंखांच्या मागच्या झडपा उतरताना लागतात, त्याही विजेवर चालतात, त्यांच्यासाठी बॅटरी राखायची. बॅटरी चांगली असेल तर साधारण अर्धा तास मिळतो. जुनी, दुर्लक्षित असेल तर त्याहून कमी. त्या वेळेत जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. खाली आल्यावर मेकॅनिक रेग्युलेटर बघतो, तारांची टोकं घासून घट्ट करतो, आणि तापलेली बॅटरी तपासल्याशिवाय विमान पुन्हा वर जात नाही.