पहिली गोळी कोणी झाडली?

शाळेतला इतिहासाचा गृहपाठ आठवून बघा. 'कारणे द्या', 'टिपा लिहा', 'एका वाक्यात उत्तरे लिहा'. उत्तर धड्यात असायचं, धड्यात नाही सापडलं तर गाईडात असायचं, आणि सगळ्या वर्गाच्या वह्यांत शब्दाला शब्द तेच असायचं. (त्याच सवयीनं आज आपण जर्नलं उतरवतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.) अमेरिकेतल्या हायस्कुलात, म्हणजे नववी ते बारावीत, हेच विषय जरा वेगळ्या रीतीनं शिकवले जातात. सगळीकडे नाही हं! गाळलेल्या जागा भरायची वर्कशीटं तिथेही आहेत, आणि क्लिफ्सनोट्स नावाची गाईडं तर १९५८ पासून आहेत. पण जिथे चांगलं शिकवतात तिथला एक गृहपाठ आपण इंजिनिअरांनी बघण्यासारखा आहे.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री सुमारे ७०० इंग्रज सैनिक बॉस्टनहून निघाले. काँकर्ड गावातला शस्त्रसाठा त्यांना नष्ट करायचा होता. १९ तारखेला पहाटे वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानात कॅप्टन जॉन पार्करची सत्तर-ऐंशी गावकरी माणसं बंदुका घेऊन उभी होती. कुणीतरी गोळी झाडली. कुणी, ते आजतागायत नक्की ठरलेलं नाही. थोड्याच वेळात ८ गावकरी मरून पडले आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं.

मास्तर पोरांच्या हातात दोन कागद देतात. पहिला, गावच्या ३४ जणांचा २५ एप्रिलचा शपथेवरचा जबाब: आम्ही पांगत होतो, पाठ फिरवली होती, तरी सैनिकांनी गोळ्या घातल्या, आमच्याकडून आधी कुणीच झाडली नाही. दुसरा, जॉन बार्कर या इंग्रज लेफ्टनंटच्या रोजनिशीतलं त्याच दिवसाचं पान: आधी त्यांच्याकडून एक-दोन गोळ्या आल्या, मग आमचे लोक हुकूम नसताना त्यांच्यावर तुटून पडले. घरून लिहून आणायचं एवढंच, की तुम्ही कुणावर किती विश्वास ठेवता आणि का.

आता डोकं चालवा. चौतीस माणसं, शपथेवर, म्हणजे खरंच असणार? पण हा जबाब घेतला कशासाठी, तर लंडनला पाठवून तिथलं मत आपल्या बाजूला वळवायला. इंग्रज सेनापतीचा अहवाल पोहोचण्याआधीच ही जबाबांची गठडी जहाजानं तिथे पोहोचलीसुद्धा. मग बार्कर खरा? तो तर शत्रूपक्षाचा. पण तो स्वतःच्या वहीत लिहितोय, आणि आपलेच सैनिक हुकमाबाहेर गेले हे कबूल करतोय. जो माणूस आपल्या पलटणीची लाज झाकत नाही, त्याच्या शब्दाला थोडं वजन द्यावं लागतं. तरी पहाटेच्या अंधुक उजेडात, गोंधळात, त्याला नेमकं दिसलं काय, हा प्रश्न उरतोच.

प्रॅक्टिकलला व्हर्नियर हातात घेतल्यावर आपण आधी शून्य दोष बघतो ना, तसंच हे. रीडिंग नंतर. आधी हे रीडिंग कुठल्या उपकरणानं दिलं ते तपासायचं.

सॅम वाइनबर्ग या संशोधकानं १९९१ साली याच लेक्सिंग्टनचे कागद ८ इतिहासकारांना आणि ८ हुशार हायस्कूल विद्यार्थ्यांना वाचायला दिले आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. इतिहासकार बहुतेक वेळा आधी लेखकाचं नाव, तारीख बघायचे, मग मजकूर. पोरं पहिल्या ओळीपासून सुरू करून शेवटच्या ओळीला थांबायची. आणि सगळ्यांत विश्वसनीय कागद कुठला? पोरांच्या मते पाठ्यपुस्तकातला उतारा. इतिहासकारांनी तोच उतारा खालच्या नंबरात टाकला. पाठ्यपुस्तक कुणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरवून लिहिलेलं असतं, हे पोरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अमेरिकन इतिहासाच्या 'एपी' परीक्षेत अशा प्रश्नाला १ तास असतो. कागद ७ आणि गुणही ७. बाजू कुठली घेतली याला गुण नाहीत. बाजू स्पष्ट मांडली का, कागद तिच्यासाठी वापरले का, कागदाबाहेरचं काही माहीत आहे का, याला आहेत.

इंग्रजीच्या तासालाही हाच खाक्या. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) ही हार्पर लीची कादंबरी तिथे पुष्कळ शाळांत लावतात. 'ॲटिकस हा प्रामाणिक वकील आहे' असं लिहून नेलंत तर मास्तर विचारणार, मग? याला नाही कोण म्हणतंय? विधान असं हवं की समोरचा भांडायला उठला पाहिजे. उदाहरणार्थ, 'कायद्यावर श्रद्धा असलेला ॲटिकस शेवटी स्वतःच कायद्याला बगल देतो.' आता पुरावा काढा: बॉब यूएलच्या मृत्यूची खरी हकिगत शेरीफ दडवतो आणि ॲटिकस ते मान्य करतो.

याचा साचा मात्र झाला. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप, असा पाच परिच्छेदांचा निबंध. एसएटी परीक्षेत २००५ साली २५ मिनिटांचा निबंध आला तेव्हा एमआयटीच्या लेस पेरेलमन यांनी तपासलेले नमुने पाहून दाखवून दिलं की जितका निबंध लांब तितके गुण जास्त, आणि माहिती चुकीची असली तरी गुण कापले जात नाहीत. म्हणजे पुरवण्या जोडणारे तिकडेही पास! तो निबंध २०१६ मध्ये ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बंद पडला.

वर्गातल्या वादाची मला सगळ्यांत आवडलेली पद्धत मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांची. चौघांचा गट. दोघं म्हणणार, १९४५ साली जपानवर अणुबाँब टाकणं योग्य होतं. दोघं म्हणणार, नव्हतं. एका जोडीनं मांडायचं, दुसरीनं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि पहिली जोडी 'हो, हेच म्हणायचं होतं' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग बाजू बदलायच्या. शेवटी बाजू सोडून चौघांना काय पटतंय ते लिहायचं. आपल्या कॅम्पसच्या जीडीत, जिथे आठ जण एकदम बोलतात आणि नववा टेबलावर हात आपटतो, तिथे हा एकच नियम लावून बघा. निम्मा वेळ 'नाही, मी असं म्हणालोच नाही' यातच जाईल.

हे सगळं शिकवायचं म्हणजे भानगडी होणारच. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीच्या शाळा मंडळात एक प्रस्ताव आला: अभ्यासक्रम तपासायला समिती नेमावी, इतिहासातून देशप्रेम वाढावं, कायदेभंगाला उत्तेजन देणारं साहित्य नसावं. शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवणाऱ्यांनी कायदा पाळला होता काय? प्रस्तावातली ती भाषा मंडळाला गाळावी लागली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मंडळाचे तीन सदस्य मुदतीआधीच घरी पाठवले.