सकाळी किताकाता, संध्याकाळी सानो

सकाळी 7. फुकुशिमा प्रांतातलं किताकाता. खानावळी उघडल्यात आणि लोक न्याहारीला रामेन खातायत. इथे त्याला ‘आसा-रा’ म्हणतात. रात्रपाळी संपवून येणारे कामगार आणि पहाटेच शेतावर जाऊन येणारे शेतकरी यांच्यामुळे ही चाल पडली, असं सांगतात. शेजारचे आजोबा वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवतात आणि सरळ वाडगा तोंडाला लावतात. नूडल्स चपट्या, नागमोडी, साधारण 4 मिलिमीटर रुंद. पीठ भिजवतानाच पाणी भरपूर, म्हणून मऊ. तरी दाताखाली तटतटतात. डुकराच्या हाडांचा नि सुक्या छोट्या माशांचा रस्सा सकाळीसुद्धा जड वाटत नाही. 1920च्या दशकात चीनहून आलेला बान किनसेई हा तरुण इथे गाडीवर नूडल्स विकू लागला. पुढे त्याचं ‘गेन्राइकेन’ हे दुकान झालं आणि गावाने ही विद्या त्याच्याकडूनच घेतली.

8.30. गाडीत वही उघडतो. आधी नूडल्सची नोंद, मग रश्श्याची. आजच्या तिन्ही गावांत, म्हणजे किताकाता, शिराकावा आणि सानोत, रस्सा सोया सॉसचाच. खरा फरक पडतो तो पिठाला लागलेल्या हातामुळे.

दुपारी 12. कोरियामाला गाडी बदलून शिराकावा. ‘तोरा शोकुदो’ या खानावळीच्या संस्थापकाने शिष्य तयार केले, म्हणून इथली पद्धत टिकली. हाताने मळायचं, लाटायचं, कापायचं आणि मग नूडल्स मुठीत चुरगळायच्या. नितळ रस्सा त्या सुरकुत्यांत अडकून तोंडात येतो. वर पालक आणि कडेला लालसर भाजलेलं मांस. तिन्हींत माझा कौल यालाच.

दुपारभर गाड्या बदलणं आणि पाणी पिणं.

संध्याकाळी 5.30. तोचिगी प्रांतातलं सानो. जाड हिरव्या बांबूचं एक टोक अडकवलेलं, दुसऱ्या टोकावर पाय टाकून कारागीर बसलाय. अंगाचा भार देत, हलके उसळत तो कणकेवरून बांबू पुढे सरकवतो. कणीक पसरते, तो घडी घालतो, पुन्हा दाबतो. अशा नूडल्स सारख्या रुंदीच्या निघत नाहीत, आणि तीच त्यांची मजा. एका घासात मऊ, पुढच्यात चिवट. यंत्राला हे जमणार नाही.

जपानला गेलात तर टोकियोबाहेर या वाटेसाठी एक दिवस काढाच. रश्श्यात बहुतेक ठिकाणी डुकराची हाडं असतात, तेव्हा खाण्याची बंधनं असतील तर आधी विचारा. आणि लवकर पोचा. रस्सा संपला की अशी छोटी दुकानं वेळेआधीच बंद होतात.